वीणा नीट लावून घ्यावी

तुम्ही गेलात ते गेलात, पण जाताना चोविसावं पान तसंच ठेवून गेलात. आता मी काय करू त्याचं? तेराव्याला आलेली माणसं काल आपापल्या गावी परतली, घंगाळं-पराती ज्यांच्या त्यांना गेल्या, जरा पाठ टेकावी म्हटलं, तर आज सकाळी छापखान्याचे गोविंदराव दारात उभे. हातात तुमच्या पुस्तकाची प्रुफं. माणूस भला आहे, त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. पण काम ते काम. म्हणाले, "वहिनी, मास्तरांनी सगळी पानं तपासून दिली होती. एवढं एक पान स्वतःकडे ठेवून थांबवा म्हणाले होते. उद्या सकाळी ते यंत्रावर चढवायचं आहे. तुम्ही पाहून द्याल का? नाहीतर जसं आहे तसं जाऊ देतो."

जसं आहे तसं. म्हणजे तुमच्या मनासारखं. एवढं भांडून, एवढं बोलून, शेवटी तुमचाच शब्द छापून यायचा आणि मी तो बघत बसायचं. आणि भांडायला समोर तुम्ही नाही. हा तर सरळ रडीचा डाव झाला.

तुम्हालाच तुमची गोष्ट पहिल्यापासून सांगते, कारण तुम्ही ती सोयीची तेवढीच लक्षात ठेवली असणार.

ग्रामोद्योगवाल्यांनी तुम्हाला एक इंग्रजी पुस्तिका आणून दिली होती. रोशा गवतापासून तेल कसं काढायचं त्याची. शाळेत शास्त्र शिकवतो आणि मराठीही बरं लिहितो असा माणूस वर्ध्यात दुसरा कोण आहे, असं त्यांतला कुणी म्हणाला आणि तुम्ही फुगलात. उन्हाळ्याच्या सुट्टीत इथे नालवाडीच्या घरात ओसरीवर बसून तुम्ही तिचं मराठी करायला घेतलं. मी समोर धान्य निवडत असायची. तुम्ही एकेक वाक्य मोठ्यानं वाचायचात, आणि मला मनातल्या मनात गंमत वाटायची. कारण रोशाची भट्टी मी परकरात होते तेव्हापासून पाहिलेली. आमचे बाबा कारंज्याच्या पुढे, डोंगराच्या कडेला, दर दिवाळीच्या सुमाराला भट्टी लावायचे. गवत फुलावर आलं की कापायचं, तांब्याच्या मोठ्या डेगेत दाबून भरायचं, पाणी घालायचं, वर झाकण, झाकणातून बांबूची नळी, आणि नळीचं दुसरं टोक थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात. खाली विस्तव. वाफ नळीतून जायची, थंड व्हायची, आणि तेल वर तरंगायचं. आमच्या अंगाला, पांघरुणांना, भाकरीला सुद्धा गुलाबासारखा वास यायचा. हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं. लग्नाआधी तुम्ही मला बघायला आलात तेव्हा शिंकत होतात त्या वासानं.

आणि मग ते वाक्य आलं. इंग्रजीत तिथे 'ल्यूट' असा शब्द होता. विस्तव पेटवण्याआधी ल्यूट नीट लावून घ्यावी, असं काहीसं. तुम्ही आतून जाडजूड शब्दकोश आणलात, बोट फिरवलंत, आणि तुमचा चेहरा असा खुलला की मला वाटलं मोठं घबाड सापडलं. ल्यूट म्हणजे वीणेच्या जातीचं तंतुवाद्य. तुम्ही झरझर लिहून काढलंत आणि मला वाचून दाखवलंत: "विस्तव पेटवण्यापूर्वी वीणा नीट लावून घ्यावी."

मी सूप खाली ठेवलं. म्हटलं, "विस्तो पेटवायच्या आंधी झाकन लिंपतेत. वीणा कायले लावतेत?"

तुम्ही म्हणालात, "लिंपतात. आणि 'कायले' नाही, 'कशाला'."

हे असं. बावीस वर्षं मी काय म्हणते ते राहिलं बाजूला, कसं म्हणते तेवढंच तुमच्या कानात शिरायचं. मी परत सांगितलं, अगदी तुमच्या मराठीत सांगितलं, की डेग आणि झाकण यांच्या सांध्यात फट राहते, तिथून वाफ निसटते, म्हणून आमचे बाबा कापडमाती करायचे. शेतातली काळी माती चाळून भिजत घालायची, तिच्यात उडदाचं पीठ कालवायचं, जुन्या लुगड्याच्या चिंध्या त्यात बुडवायच्या आणि सांध्यावर गच्च गुंडाळायच्या. वास बाहेर आला म्हणजे तेल बाहेर गेलं, असं ते म्हणायचे, आणि सगळ्या सांध्यांपाशी नाक नेऊन हुंगायचे. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "अगं, शब्दकोशात आहे. कामाला बसण्याआधी गायन-वादन करण्याची रीत त्या लोकांतही असेल. आपल्याकडे नाही का, जात्यावर ओव्या म्हणतात?"

"शब्दकोशवाल्यानं कधी भट्टी लावली होती का?" मी विचारलं.

"विषय शास्त्राचा आहे," तुम्ही म्हणालात, "स्वयंपाकाचा नाही."

खरं सांगू का, तुम्हाला ते वाक्य आवडलं होतं. तुमचा जीव त्या तंबोऱ्यात. रोज पहाटे अर्धा तास तंबोरा लावायचात आणि गायचात जेमतेम दहा मिनिटं. खुंटी पिळ, मणी सरकव, कान लाव, परत खुंटी पिळ. मी पाणी भरून, सडा घालून, चहा करून परत यायची तरी तुमचं लावणंच चाललेलं. तेव्हा भट्टीच्या आधी कुणी वाद्य लावतं आहे, हे तुम्हाला अगदी शहाणपणाचं वाटलं असणार. मला तुमची चीड आली होती, पण हेही सांगते, तुम्ही एकदाचे गायला लागलात की मी चुलीपाशी हात थांबवून ऐकायची. ते कधी तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अर्ध्याचा पाऊण तास झाला असता.

मी तरी हार मानली नाही. त्या रविवारी मसालेभात केला आणि पातेल्याच्या झाकणाला कणकेनं लिंपून घेतलं. तुम्हाला हाक मारून आणलं, दाखवलं, की बघा, वाफ कुठून तरी निघते का? तुम्ही उकिडवे बसून बघितलंत. मला वाटलं, आता पडला उजेड. कणीक फोडली, वाढला. तुम्ही दोनदा घेतलात आणि म्हणालात, "भात आज झकास झालाय. असाच करत जा."

पुस्तक छापून आलं. वीणेसकट. गोविंदरावांकडे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला सुद्धा काही खटकलं नाही, आणि तेच तर दुखणं आहे. आपल्याकडे सगळंच लावायचं असतं. तंबोरा लावायचा, लेप लावायचा, भट्टी लावायची, दार लावायचं. "वीणा लावावी" हे वाक्य असं साळसूद दिसतं की वाचणारा पुढे निघून जातो. दुसरा कुठला शब्द चुकला असता तर कुणीतरी हसलं असतं आणि तुम्ही वाचला असतात. तुमची चूक व्याकरणात चोख बसली होती.

मग सीताराम आला. कारंज्याकडच्या एका खेड्यात ग्रामोद्योगवाल्यांनी नवी भट्टी घालून दिली होती, तिच्यावरचा मुख्य माणूस. त्यानं आधी कधी भट्टी पाहिलेली नव्हती, शेतात मजुरी करणारा माणूस, पण वाचता येत होतं म्हणून पुस्तक त्याच्या हाती दिलेलं. उजवा हात कोपरापर्यंत फडक्यात गुंडाळलेला. ओसरीच्या खालच्या पायरीवरच बसला, वर या म्हटलं तरी येईना. आवाजात राग नव्हता, तेच मला सहन होईना. फार आदबीनं तुम्हाला म्हणाला, "मास्तर, पुस्तकात होतं तसंच केलं बाप्पा. गावातल्या बुवाले बोलावलं. त्यानं वीणा लावली, दोन भजनं झाले, मंगच विस्तो पेटवला. वीणा तं लागलती बराबर. मंग वाफ काऊन निघाली?"

पहिल्यांदाच कढ आल्यावर झाकणाच्या फटीतून वाफेचा झोत आला, आणि हा झाकण दाबायला धावला. तेल तर गेलंच, हाताची सालटं निघाली.

तुमचा रंग उतरला होता. मी चहा टाकायला आत गेले आणि चुलीसमोर बसून रडले, सीतारामसाठी आणि थोडं तुमच्यासाठी. बाहेर आले तर तुम्ही त्याला म्हणत होतात, "मी पाहतो." एवढंच. मी सांगितलं होतं, हे मी तेव्हा म्हटलं नाही. ओठावर आलं होतं, पण चहाबरोबर गिळलं. त्याचं श्रेय तुम्ही मला कधी दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कॉलेजातल्या रसायनाच्या प्राध्यापकांकडे गेलात. संध्याकाळी घरी आलात ते टोपी खुंटीला लावायच्या आधीच मला सांगायला लागलात, "ऐकलंस का? ल्यूटचा दुसराही एक अर्थ आहे. सांधे बंद करायला चिखलाचा लेप लावतात, त्यालाही ल्यूटच म्हणतात. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, नुसतं लिहिणं सारखं. एक आला लाकडाच्या वाद्यावरून, दुसरा चिखलावरून. तुला ठाऊक होतं का?"

मला ठाऊक होतं का, म्हणे. मी पोळपाटावरून मान वर केली आणि तुमच्याकडे बघत राहिले. तुमच्या चेहऱ्यावर खरंच काही कपट नव्हतं. तुम्हाला खरंच वाटत होतं की ही बातमी तुम्ही घरात आणली. मी परत पोळी लाटायला घेतली. लाटणं जरा जोरात चाललं असेल तर ते तुम्हाला ऐकू आलं नाही.

बरं, चूक कळली. दुसरी आवृत्ती निघायची ठरली. आता तरी शब्द नीट पडेल असं मला वाटलं. वाटलं म्हणजे काय, मी जाऊन शेजारच्या काकूंना सांगून आले की आमच्या बाबांचा शब्द पुस्तकात येणार. तर तुम्ही आठ दिवस डोकं खाजवून काय काढलंत? 'संधिरोधलेप'. आपला जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, पण नागपूरच्या सरकारी कागदांतून आलेलं ते संस्कृत शब्दांचं वारं काही तुमच्या अंगातून गेलं नाही.

"हे काय दुखणं आहे?" मी विचारलं.

"दुखणं नाही. संधी म्हणजे सांधा, रोध म्हणजे अडवणं."

"मले माहीत हाये संधी म्हणजे काय. खेड्यातला माणूस वाचेल संधिरोधलेप, आणि लावेल गुडघ्याले."

तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, छापील पुस्तकात कापडमाती कशी लिहायची, तो ग्राम्य शब्द आहे, उद्या नागपूरची माणसं वाचतील, काय म्हणतील. मी म्हटलं, पुस्तक नागपूरच्या माणसांसाठी आहे की सीतारामसाठी? तुम्ही म्हणालात, "शास्त्राला शास्त्राची भाषा लागते." मग चार दिवस आपण मीठ-भाकरीपुरतं बोललो.

आता जरा खाली बसून सांगते, कारण राग आला की मला तुमचं बरं काही आठवतच नाही, आणि तेही बरोबर नाही. मी चौथी पास होऊन तुमच्या घरात आले. तुम्ही मला पुढचं वाचायला लावलंत. प्रुफं आली की तुम्ही मूळ हातात धरायचात आणि छापलेलं मी मोठ्यानं वाचायची, स्वल्पविराम, पूर्णविराम म्हणत म्हणत. शेजारणी हसायच्या. तुमच्या आईंना ते आवडायचं नाही, बाईमाणसानं पोथी सोडून भलतं काय वाचायचं म्हणून. तुम्ही त्यांना एकदाच सांगितलंत, "तिचे डोळे माझ्यापेक्षा बारीक आहेत," आणि विषय संपवलात. ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे. पण तुम्हाला माझे डोळे चालले, कान चालले, माझं डोकं तेवढं चाललं नाही. हे गाऱ्हाणं खोटं असेल तर तसं म्हणा.

तंबोऱ्याचंही तेच. मागच्या थंडीत नागपूरहून रेल्वेनं येताना कुणाच्या तरी ट्रंकेचा धक्का लागला आणि भोपळ्याला बोटभर चीर गेली. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत धड. दुरुस्तीला मिरजेला पाठवावा लागेल म्हणालात, तिकडून तो कधी येणार कोण जाणे. तुम्ही शाळेत गेल्यावर मी बेलफळ फोडलं, त्याचा चिकट गर काढला, त्यात कळीचा चुना घोटला, आणि झिरझिरीत मलमलीची पट्टी त्यात भिजवून आतल्या अंगानं, हात घालून, चिरेवर बसवली. बाबांनी लाकडी नळी तडकली की असंच केलेलं पाहिलं होतं. दोन दिवस वाळू दिलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही गवसणी काढलीत, तारा छेडल्या, भोपळ्यावर कान ठेवलात, बोटानं चीर चाचपलीत. मी दाराआड उभी. तुम्ही म्हणालात, "आज हवा कोरडी आहे. छान लागतोय." हवा कोरडी आहे म्हणे.

आणि तुम्ही गायला बसलात. त्या दिवशी अर्धा तास गायलात. सुख होतं ते. पण सांगायला काय झालं होतं तुम्हाला? एक शब्द. एवढं पोतंभर संस्कृत जोडत होतात, त्यातून माझ्यासाठी एक शब्द निघाला नाही.

आता ती शेवटची संध्याकाळ. गोविंदरावांकडून प्रुफं येऊन तुम्ही सगळी परत केली होती, एवढं चोविसावं पान काढून ठेवलं होतं. मी विचारलं, काय ठरलं? तुम्ही म्हणालात, "उद्या बघू." का कोण जाणे, माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुमच्या शब्दापायी त्या माणसाचा हात भाजला. आता आणखी कुणाचा भाजायचा आहे?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत, पान घडी करून पुस्तकात ठेवलंत, आणि न जेवता झोपलात. मी उठवलं नाही.

सकाळी तुम्ही तंबोऱ्याला हात लावला नाहीत. पलंगावर बसून चहा मागितलात. माझा राग उतरला नव्हता. मी मुद्दाम सावकाश केला. आधण ठेवलं, मग कपबशा विसळल्या, मग दूध तापवलं, बसू दे वाट बघत म्हटलं. चहा घेऊन आले तर तुम्ही भिंतीला टेकून होतात. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, काही करता आलं नसतं. त्यांना काय जातं म्हणायला. मी चहा लवकर केला असता तर निदान एक घोट पोटात गेला असता. तेवढ्यासाठी सुद्धा तुम्ही थांबला नाहीत, आणि तेवढ्यासाठी सुद्धा मी घाई केली नाही. तुमची माफी मागायची आहे मला. पण माफी मागायला बसले की परत ते पान दिसतं आणि माझं डोकं फिरतं.

तेराव्याला सीताराम आला होता. बायकोला घेऊन, मोटारीनं. जेवणं झाल्यावर सगळे पांगले तरी तो खालच्या पायरीवरच बसलेला. मी जवळ गेले. म्हटलं, हात कसा आहे? त्यानं बाही वर करून दाखवला. कातडी आली आहे, गुलाबी, ताणलेली, पण बोटं मिटतात. मला हायसं वाटलं. मी म्हटलं, मास्तरांच्या जिवाला फार लागलं होतं ते.

"माहीत हाये ना माय," तो म्हणाला. "दर दुसऱ्या आइतवारी येत ते."

"कोण?"

"मास्तर. हात बरा नोहता तं भट्टीचं झाकन तेच लिंपत. मी नुस्ता बसून पाहो. पहिल्या बारीले माती पातळ झालती, सारी खाली गळली. मंग जमलं."

दर दुसऱ्या रविवारी तुम्ही कारंज्याला गाण्याच्या बैठकीला जात होतात. तंबोरा घरी खुंटीला टांगून बैठकीला जाणारा गवई मी पाहिला नव्हता, पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही. उलट तुम्ही परत आलात की तुमच्या नखांत काळी माती असायची आणि मी करवादायची, की जेवायला बसण्याआधी हात तरी धुवा. तुम्ही निमूट धुवायचात.

"त्यांना कुणी शिकवलं लिंपायला?" मी सीतारामला विचारलं.

"तुमीच तं," तो म्हणाला. "मास्तर म्हणे, आमच्या घरी सांगितलं होतं मले, म्या ऐकलं नाई. काळी माती भिजवून, उडदाचं पीठ घालून, लुगड्याच्या चिंध्या. आमचे सासरे करत, म्हणे. वास बाहेर आला म्हणजे तेल बाहेर गेलं, हेही सांगत. आमी आता कापडमातीच म्हनतो तिले. मास्तरही तेच म्हणत."

तुमचं वाक्य त्यानं वऱ्हाडीत सांगितलं, म्हणून ते तुमचं आहे हे पटायला मला वेळ लागला. आमच्या घरी सांगितलं होतं, म्या ऐकलं नाही. हे तुम्ही कारंज्याच्या रानात, विस्तवापाशी, दुसऱ्याच्या आवारात बसून म्हणालात. मातीचं प्रमाण सुद्धा बरोबर लक्षात होतं. उडदाचं पीठ लक्षात होतं. आमचे बाबा लक्षात होते. म्हणजे तुम्ही ऐकत होतात. ओसरीवर 'लिंपतेत' नाही 'लिंपतात' म्हणत होतात तेव्हाही ऐकत होतात.

मग मला का नाही सांगितलंत? इथून कारंज्याला मोटारीनं जायला जमलं तुम्हाला, ओसरीवरून चुलीपर्यंत यायला जमलं नाही? काय झालं असतं? मी काय ढोल बडवला असता गावभर? बरं, बडवला असता. चार दिवस शेजारणींना सांगितलं असतं. तेवढं मिळू द्यायचं होतं मला. सीतारामसमोर मला रडू आलं ते त्याला वाटलं तुमच्या दुःखानं. होतंच ते. पण अर्धं संतापाचं होतं, हे तुम्हाला म्हणून सांगते.

आज दुपारी घरात एकटी असताना मी तुमच्या पुस्तकातून ते पान काढलं. पान चोवीस. "विस्तव पेटवण्यापूर्वी संधिरोधलेप नीट लावून घ्यावा." तुम्ही शिसपेन्सिलीनं संधिरोधलेपाखाली रेघ ओढली आहे. समासात एक प्रश्नचिन्ह. ते खोडरबरानं पुसलं आहे, मग परत काढलं आहे, कागद तिथे खरवडला आहे. बस. दुसरं काही नाही. मी पान उजेडाला धरून पाहिलं, पुसलेलं काही अक्षर दिसतं का म्हणून. नाही दिसलं. चिखलात हात घातलेत तुम्ही, पण कागदावर तो शब्द उतरवायचा तर तुमची पेन्सिल अडली. का, ते मी आता कुणाला विचारू? लाज वाटली का नागपूरवाल्यांची? की मला वाकून दाखवावं लागेल याची? की उद्या बघू म्हणालात तेव्हा खरंच उद्या लिहिणार होतात? मला तिसरं खरं मानायला आवडेल. पण तुमचा काही भरवसा नाही.

तासभर मी ते पान मांडीवर घेऊन बसले. गेलेल्या माणसाचा शब्द खोडू नये असं तुमच्या आई म्हणाल्या असत्या. पण त्या भट्ट्यांवर आणखी माणसं आहेत, त्यांच्याकडे तुम्ही आता रविवारी जाणार नाही. मी टाक घेतला, संधिरोधलेप खोडला, आणि वर लिहिलं 'कापडमाती'. 'घ्यावा' होतं त्याचं 'घ्यावी' केलं. तुमच्या हाताखाली शिकले आहे, लिंग चुकवणार नाही. मग समासात बारीक अक्षरात माती, पीठ आणि चिंध्यांचं सगळं लिहून काढलं, कारण नुसता शब्द वाचून सीतारामसारख्याला पुन्हा प्रश्न पडायला नको. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, समास भरलास की अगदी. हो, भरला.

गोविंदराव जाताना सांगून गेले होते, काही बदललंत तर खाली सही करा वहिनी, छापखान्याचा नियम आहे, दुरुस्ती कुणाची ते लागतं. मी पानाच्या तळाशी सही करायला घेतली. सही करायला मला तुम्हीच शिकवलंत, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, पाटीवर. हात आपल्या सवयीनं चालला. 'सौ. अन' एवढं लिहून झालं आणि मी थांबले. बावीस वर्षांत दुसरं काही लिहिलंच नव्हतं.

बऱ्याच वेळानं मी त्या 'सौ.'वर रेघ मारली आणि नुसतं अनसूया लिहिलं. आता त्या पानावर दोन ठिकाणी खोडलेलं आहे. वरचं मी खोडलं आहे, त्याची मला लाज नाही. खालचं तुम्ही खोडायला लावलंत, आणि ते मला कबूल नाही.